मुक्त झालेल्यांनी भरलेला मोबदला : हैतीच्या कर्जाचा इतिहास

१२ जानेवारी २०१० रोजी सायंकाळी हैती देशाची राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स भूकंपाने कोसळली. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, कॅथेड्रल, शाळा, इस्पितळे आणि टेकड्यांच्या उतारावर एकमेकांना टेकून उभी असलेली हजारो घरे पाहता पाहता जमीनदोस्त झाली. मृतांत तेथील आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो हेही होते. मृतांची नेमकी संख्या कधीच निश्चित झाली नाही. सरकारी आकडा दोन लाखांच्या वर गेला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील प्रसिद्ध दूरचित्रवाणी-उपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी आपल्या कार्यक्रमात असे सांगितले की, फ्रेंचांच्या जोखडातून सुटण्यासाठी हैतीच्या लोकांनी सैतानाशी करार केला होता व तेव्हापासून ते लोक शापित आहेत.

या विधानाचा तेव्हा सर्वत्र निषेध झाला, व तो योग्यच होता. तथापि, निषेध करून मोकळे होणे सोपे असते. एखादे राष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यात का राहते, या प्रश्नाला शाप, अज्ञान, आळस, दुष्ट राज्यकर्ते अशी उत्तरे देण्याची सवय आपल्याही व्यासपीठांना आहे. बायबल-वर्गात एखादा तरुण विचारतो की, स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षे झाली, मग हे लोक अजून उपाशी का? आणि धर्मशिक्षक बहुधा त्या लोकांच्या स्वभावाविषयी बोलू लागतो. हैतीपुरते तरी या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री उपलब्ध आहे. हैतीने करार केला होता ही गोष्ट खरीच आहे. तो फ्रान्सच्या राजाशी होता, लेखी होता, त्यावर १७ एप्रिल १८२५ ही तारीख होती आणि त्यात हप्ते किती व कधी भरावयाचे हे नमूद होते. त्या कराराचा आणि त्याने मागे ठेवलेल्या राज्यव्यवस्थेचा वृत्तान्त येथे द्यावयाचा आहे.

कॅरिबियन समुद्रातील एका मोठ्या बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक तृतीयांश भाग १६९७ च्या तहाने स्पेनकडून फ्रान्सकडे आला. फ्रेंचांनी त्याला सँ-दोमँग हे नाव दिले. पुढील शंभर वर्षांत ही जगातील सर्वांत किफायतशीर वसाहत ठरली. १७८९ च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेचा सुमारे दोन पंचमांश आणि कॉफीचा निम्म्याहून अधिक भाग येथून जात असे. हे सर्व उत्पादन आफ्रिकेतून धरून आणलेल्या दासांच्या श्रमावर चाले. त्यांची संख्या पाच लाखांच्या आसपास होती आणि गोऱ्यांची सुमारे तीस हजार. दास इतक्या लवकर मरत की, संख्या कायम राखण्यासाठी दरवर्षी हजारोंच्या संख्येने नवी माणसे आणावी लागत. चौदाव्या लुईच्या १६८५ च्या कायद्याने प्रत्येक दासाला बाप्तिस्मा देऊन कॅथोलिक धर्माचे शिक्षण द्यावे असे बंधन मळेवाल्यांवर घातले होते. पळून गेलेल्या दासाचे कान कापून त्याच्या खांद्यावर डाग द्यावा, ही तरतूदही त्याच कायद्यातील आहे.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मैदानातील दासांनी उठाव केला. उठावापूर्वी त्यांच्या म्होरक्यांनी ब्वा-कायमाँ येथील रानात रात्री एकत्र येऊन एका जनावराचा बळी दिला व शपथा घेतल्या, अशी परंपरा आहे. 'सैतानाशी करार' म्हणतात तो हाच. या सभेचा आद्य छापील वृत्तान्त आंत्वान दालमास नावाच्या एका वसाहतवासी वैद्याचा असून तो १८१४ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. म्हणजे साक्षीदार कोणत्या पक्षाचा होता हे उघड आहे. ज्या लोकांना चाबकाच्या छायेत बाप्तिस्मा मिळाला, त्यांनी सुटकेची प्रार्थना आपल्या वाडवडिलांच्या विधीने केली असेल, तर आश्चर्य ते काय?

बारा-तेरा वर्षांच्या युद्धाचा तपशील येथे देत नाही. दासांच्या सैन्याने फ्रेंच, स्पॅनिश व इंग्रज अशा तिन्ही सेनांना तोंड दिले. त्यांचा थोर सेनानी तुसाँ लूव्हर्त्यूर याला दगाबाजीने पकडून फ्रान्सला नेण्यात आले, व ७ एप्रिल १८०३ रोजी तेथील थंड पहाडी किल्ल्यात त्याचा अंत झाला. नोव्हेंबर १८०३ मध्ये नेपोलियनच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालीन याने स्वातंत्र्याची घोषणा करून देशाला हैती हे मूळ रहिवाशांचे नाव पुन्हा दिले. पुढील काही महिन्यांत त्याच देसालीनच्या आज्ञेने, मागे उरलेल्या बहुतेक फ्रेंच गोऱ्यांची कत्तल करण्यात आली. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. युरोपातील व अमेरिकेतील सत्तांना हैतीस वाळीत टाकण्यास त्यामुळे एक निमित्त मिळाले. मात्र खरे कारण निराळे होते. दासांनी स्वतः मिळविलेले स्वातंत्र्य मान्य केले, तर आपल्या मळ्यांवरील दासांना काय सांगावयाचे, ही त्यांची अडचण होती. अमेरिकेने हैतीला १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही.

देसालीनच्या वधानंतर देश दुभंगला. उत्तरेत क्रिस्तोफ राजा झाला, दक्षिणेत पेतियाँ राष्ट्राध्यक्ष. मान्यतेच्या बदल्यात मळेवाल्यांना काही मोबदला द्यावा ही कल्पना पेतियाँने १८१४ मध्ये स्वतःच फ्रेंच प्रतिनिधीपुढे मांडली होती. क्रिस्तोफने ती झिडकारली. दोघांच्या मागून सर्व देश एका छत्राखाली आणणारा झाँ-पियेर ब्वाये हा पेतियाँच्या परंपरेतील होता. म्हणून पुढे जे घडले त्यात सर्व दोष परकीयांचा, असे म्हणता येत नाही. फ्रेंच गेल्यावर त्यांचे मळे सेनाधिकाऱ्यांच्या व जुन्या मुक्त वर्गाच्या हाती आले होते. फ्रान्सने स्वातंत्र्य मान्य केले की त्या जमिनींवरील त्यांचे हक्क पक्के होणार होते. मोबदल्याची रक्कम मात्र त्यांच्या खिशातून जाणार नव्हती.

जुलै १८२५ मध्ये बॅरन द माको हा राजा दहाव्या चार्ल्सचा हुकूमनामा घेऊन पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या बंदरात आला. त्याच्या पाठीशी एकूण १४ युद्धनौका आणि सुमारे ५०० तोफा होत्या. हुकूमनाम्यात 'हैती' हा शब्दच नव्हता. 'सँ-दोमँगच्या फ्रेंच भागातील रहिवासी' असा उल्लेख होता. त्या रहिवाशांना राजा स्वातंत्र्य 'प्रदान' करीत होता. अटी दोन होत्या. माजी मळेवाल्यांच्या नुकसानीदाखल १५ कोटी फ्रँक पाच समान वार्षिक हप्त्यांत भरावेत, व फ्रेंच जहाजांवरील मालाला निम्मीच जकात लावावी. सही न केल्यास नाकेबंदी होणार हे सांगावे लागत नव्हते. ११ जुलै रोजी ब्वायेने मान्यता दिली.

एकेक हप्ता ३ कोटी फ्रँकांचा होता, आणि तो हैतीच्या सरकारच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे सहापट भरत होता. सरकारचे उत्पन्न म्हणजे जवळजवळ सर्वस्वी बंदरातील जकात. तीच जकात दुसऱ्या अटीने निम्मी केलेली. देणे सहापट आणि ते देण्याचे साधन निम्मे, अशी ही रचना होती. हे कर्ज फिटावे असे ते योजणाऱ्यांना तरी खरोखर वाटत होते काय, याविषयी शंका येते.

मोबदला कशाचा होता, हेही नीट पाहिले पाहिजे. पॅरिस येथे एक आयोग नेमण्यात आला. मळेवाल्यांनी व त्यांच्या वारसांनी आपापले दावे दाखल केले. जमिनी, इमारती, साखरेचे घाणे आणि मनुष्ये यांचे मोल त्यात धरलेले होते. मंजूर रकमांच्या याद्या १८२८ ते १८३४ या काळात सहा खंडांत छापण्यात आल्या. ज्याने आपले शरीर युद्धात सोडवून घेतले, त्यानेच त्या शरीराची किंमत पूर्वीच्या धन्यास चुकती करावयाची होती. अनुवादाच्या १५व्या अध्यायात दासाला सातव्या वर्षी मुक्त करताना धन्याने त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्याला भरपूर द्यावे असे सांगितले आहे. इस्राएल लोक मिसरातून निघाले तेही मिसऱ्यांचे सोनेरुपे घेऊन निघाले. १८२५ चा हुकूमनामा काढणारा राजा स्वतःस परम ख्रिस्ती म्हणवीत असे, आणि त्याच वर्षी रँसच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा अभ्यंग झालेला होता.

पहिला हप्ता भरण्यास पैसा नव्हता, म्हणून तो पॅरिसच्याच सावकारी पेढ्यांकडून कर्जाऊ घेण्यात आला. कर्ज ३ कोटींचे, पण दलाली वजा जाता हाती आले २ कोटी ४० लाख. उरलेली भर हैतीने आपल्या खजिन्यातून घातली. अशा रीतीने एका देण्याची दोन देणी झाली, व पुढील इतिहासात हैतीयन लोक याला 'दुहेरी कर्ज' म्हणू लागले. दुसरा हप्ता वेळेवर भरणे शक्यच नव्हते. अखेर १८३८ मध्ये फ्रान्सने उरलेल्या १२ कोटींचे ६ कोटी केले आणि तीस वर्षांची मुदत दिली. एकूण मोबदला अशा प्रकारे ९ कोटी फ्रँक ठरला; तो व पहिल्या कर्जाचे व्याज फिटण्यास १८८० चे दशक उजाडले.

हिंदुस्थानच्या वाचकाला हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये. १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार राणी सरकारने घेतला, तेव्हा कंपनीचे कर्ज, तिच्या भागधारकांचा लाभांश आणि १८५७ चा उठाव मोडून काढण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच महसुलावर टाकण्यात आला होता. काही काळ बडोद्याचे दिवाण असलेल्या दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वाहत्या ओघाविषयी जो हिशेब आयुष्यभर मांडला, त्यात हे कलम येते. फरक इतकाच की, हिंदुस्थान त्या वेळी परतंत्र होता. हैती स्वतंत्र होता, आणि स्वातंत्र्य हेच त्याच्या देण्याचे कारण होते.

हे हप्ते कोणी भरले? मुख्य निर्यात कॉफीची होती. ती डोंगरउतारावरील लहान शेतकरी पिकवीत, गावोगावचे अडते विकत घेत आणि बंदरातील परदेशी व्यापारी जहाजात भरीत. सरकार निर्यातीवर जकात घेई. व्यापारी ती अडत्याच्या भावातून कापी आणि अडत्या शेतकऱ्याच्या. जमिनीवर अथवा शहरातील संपत्तीवर म्हणण्यासारखा कर नव्हता. अधिक कॉफी व्हावी म्हणून ब्वायेने १८२६ मध्ये ग्रामीण संहिता लागू केली. शेतमजुराने मळा सोडून जाऊ नये, परवान्याशिवाय शहरात राहू नये, असे तिचे कलम होते. दासांच्या नातवंडांना पुन्हा मळ्याशी बांधण्याचाच हा प्रयत्न होता. लोकांनी तो जवळजवळ हाणून पाडला. ते डोंगरात सरकले, लहान तुकडे कसू लागले, आणि सरकारशी शक्य तितका कमी संबंध ठेवू लागले. सरकारनेही मग त्यांच्याशी जकात आणि सैन्यभरती याखेरीज संबंध ठेवला नाही. गावात शाळा नाही, रस्ता नाही, न्यायाधीश नाही. हैतीच्या क्रेओल भाषेत खेडुतांना आजही 'मून आन्देयो', म्हणजे 'बाहेरची माणसे' म्हणतात. देशाच्या बहुसंख्य प्रजेला देशाबाहेरची म्हणणारा हा शब्द पाळकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते त्या कर्जाचा खोल परिणाम हाच होय. पैसा गेला ही हानी मोठीच, परंतु त्याहून मोठी हानी म्हणजे सरकारचे तोंड बंदराकडे आणि पाठ खेड्याकडे झाली. ज्या राज्याला प्रजेकडून संमतीने कर मागावा लागत नाही, त्याला प्रजेला हिशेबही द्यावा लागत नाही. बंदराचे जकातघर ज्याच्या ताब्यात तोच राज्यकर्ता. म्हणून प्रांतातील कोणीही महत्त्वाकांक्षी सेनापती सशस्त्र टोळी जमवून राजधानीवर चालून येई, व खर्चासाठी बंदरातील परदेशी व्यापाऱ्यांकडून उसने घेई. तो गादीवर आला की ते उसने राष्ट्राच्या कर्जात जमा होई. शिवाय १८२२ मध्ये ब्वायेने जोडलेल्या पूर्वेकडील स्पॅनिश भाषिक भागावरही मोबदल्याचा भार टाकण्यात आला होता. ज्यांचा फ्रेंच मळ्यांशी काडीचा संबंध नव्हता त्यांना तो असह्य झाला. १८४४ मध्ये तो भाग फुटून निघाला, व आजचे डोमिनिकन प्रजासत्ताक झाले. दोन्ही देशांतील वैमनस्याला अन्य कारणेही आहेत, पण हे एक आहे.

आता मंडळीविषयी. स्वातंत्र्यानंतर ५६ वर्षे रोम आणि हैती यांच्यात कोणताही अधिकृत करार नव्हता. बिशप नव्हते, धर्मगुरू मोजके, आणि त्यांतील काही केवळ पोटार्थी. बाप्तिस्मा आणि संतांची नावे लोकांनी जपली; ती आफ्रिकेतून आलेल्या विधींशी मिसळली. २८ मार्च १८६० रोजी राष्ट्राध्यक्ष जफ्रार यांच्या कारकिर्दीत करार झाला. त्यानंतर आलेले धर्मगुरू जवळजवळ सर्व फ्रेंच होते, विशेषतः ब्रितान्य प्रांतातील. त्यांनी चांगल्या शाळा काढल्या, रोगराईत प्राण वेचले. त्यांच्यापैकी कित्येक पीतज्वराने आल्या आल्या मरण पावले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण शाळा शहरात होत्या, आणि शिक्षण फ्रेंच भाषेत. घरी क्रेओल बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला ती भाषा परकी होती. गोव्यात परकीय सत्तेखालीही स्टीफन्ससारख्या जेझुइटाने १६१६ मध्ये लोकांच्या मराठीत क्रिस्तपुराण छापले. हैतीच्या क्रेओल भाषेत संपूर्ण बायबल १९८५ मध्ये आले, आणि फ्रेंचच्या बरोबरीने त्या भाषेला राज्यभाषेचे स्थान १९८७ च्या संविधानाने दिले. रोमन कॅथोलिक मंडळीत हैतीचा स्वतःचा पहिला बिशप १९५३ मध्ये झाला. याला एक अपवाद सांगावयास हवा. एपिस्कोपल पंथाचे कृष्णवर्णीय अमेरिकन पाळक जेम्स थिओडोर हॉली हे १८६१ मध्ये सुमारे ११० लोकांसह हैतीला येऊन स्थायिक झाले. पहिल्या वर्षभरातच त्यांच्या कुटुंबातील व सोबत्यांतील पुष्कळ जण दगावले. तरी ते राहिले, आणि १८७४ मध्ये हैतीचे बिशप झाले.

त्याच सुमारास कर्जाच्या कथेचा दुसरा अंक सुरू झाला. १८७४ व १८७५ मध्ये जुनी देणी फेडण्यासाठी व प्रगतीच्या नावाने पॅरिसमध्ये नवी कर्जे उभारण्यात आली. १८७५ चे कर्ज देणाऱ्या 'क्रेदी अँद्युस्त्रिएल ए कोमर्सियाल' या पेढीने व तिच्या भागीदारांनी रकमेचा सुमारे ४० टक्के भाग आरंभीच कापून घेतला. १८८० मध्ये याच पेढीने हैतीची राष्ट्रीय बँक स्थापन केली. नाव हैतीचे, संचालक पॅरिसचे. सरकारचा खजिना या बँकेत राही, आणि सरकारने पैसे ठेवले तरी दलाली, काढले तरी दलाली. या पेढीचा पैसा आयफेल मनोऱ्याच्या उभारणीतही होता. १९११ मध्ये हैतीला कॉफीच्या जकातीतून मिळणाऱ्या दर ३ डॉलरांपैकी २ डॉलर ५३ सेंट फ्रेंच धनकोंच्या कर्जफेडीकडे जात होते. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून जुलै १९१५ पर्यंत सहा राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले. एक प्रासादातील स्फोटात मेला, शेवटचा जमावाच्या हाती सापडला.

यावर अमेरिकेने हस्तक्षेप केला. डिसेंबर १९१४ मध्येच तिच्या नौसैनिकांनी राष्ट्रीय बँकेतील ५ लाख डॉलर किमतीचे सोने पेट्यांत भरून न्यूयॉर्कला नेले होते. २८ जुलै १९१५ रोजी सैन्य उतरले, ते १९३४ पर्यंत राहिले. देसालीनच्या काळापासून परकीयांना हैतीत जमीन घेता येत नसे. १९१८ च्या नव्या संविधानाने ती मुभा दिली. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमधून नवे कर्ज काढून फ्रेंच कर्ज फेडण्यात आले. धनको बदलला, जकातघरावरील देखरेख बदलली नाही. ती सैन्य गेल्यावरही १९४७ पर्यंत चालू राहिली. १८२५ पासून मोजल्यास १२२ वर्षे झाली.

रस्ते बांधण्यासाठी अमेरिकनांनी खेडुतांना वेठीस धरले. दोरखंडाने बांधून नेलेली माणसे पाहून वृद्धांना जुन्या गोष्टी आठवल्या असतील. उठाव झाला, त्याचा नेता शार्लमान पेराल्त. १९१९ च्या शरद ऋतूत नौसैनिकांनी त्याला गाठून ठार केले, त्याचे प्रेत एका दारफळीला बांधून उभे केले आणि त्याचे छायाचित्र गावोगाव वाटले, लोकांना दहशत बसावी म्हणून. कमरेला कापड, एका बाजूस कललेली मान, मागे ध्वजाची काठी. लोकांनी त्यात क्रुसावरील प्रभू पाहिला. चित्रकार फिलोमे ओबाँ याने पुढे या प्रसंगाचे जे चित्र काढले, त्याला त्याने पेराल्तचे क्रुसारोहण असेच नाव दिले.

अमेरिकेने जाताना मागे एक शिस्तबद्ध सैन्य ठेवले व सर्व कारभार राजधानीत एकवटला. त्या सैन्याला बाहेरचा शत्रू नव्हता. त्याने पुढील साठ वर्षे राष्ट्राध्यक्ष करणे व काढणे हेच काम केले. १९५७ मध्ये आलेला फ्रांस्वा दुव्हालिए सैन्याहूनही धूर्त निघाला. त्याने स्वतःची खासगी फौज उभारली, अमेरिकेच्या साम्यवादविरोधाचा लाभ घेतला आणि १९७१ मध्ये गादी १९ वर्षांच्या मुलाला दिली. मुलाने फेब्रुवारी १९८६ मध्ये पळ काढला, तो फ्रान्सला. दुव्हालिए बाप-लेकांनी केलेली लूट ही हैतीयन माणसांनी हैतीयन माणसांची केलेली लूट आहे, आणि तिचा दोष १८२५ वर ढकलणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र असे राजे ज्या रिकाम्या जागेत उभे राहू शकले, ती खेडे आणि सरकार यांच्यामधली जागा तेव्हाची होती.

या राजवटीविरुद्ध उभे राहण्यात मंडळीने मोठे काम केले, व तेही खालच्या पायरीवरून. 'ती लेग्लीझ', म्हणजे 'लहान मंडळी', या नावाने गावोगाव व झोपडपट्ट्यांत धर्मशिक्षकांनी व साध्या विश्वासणाऱ्यांनी क्रेओल भाषेत शास्त्रवाचनाचे गट चालविले. मार्च १९८३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पोर्ट-ऑ-प्रिन्स येथे राज्यकर्त्यांसमोरच, येथे काहीतरी बदलले पाहिजे असे म्हटले, त्याने या गटांना धीर आला. झाँ-बर्त्राँ आरिस्तीद हे याच चळवळीतील धर्मगुरू. डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत सुमारे दोन तृतीयांश मते घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले; नऊ महिन्यांत सैन्याने त्यांना हाकलले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या साहाय्याने ते परतले, पण आर्थिक अटी घेऊन. तांदळावरील आयात-जकात ३ टक्क्यांवर आणण्यात आली. अमेरिकेतील अनुदानित तांदूळ स्वस्तात आला आणि आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यातील भातशेती बसली. मार्च २०१० मध्ये माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे, ही आपली चूक होती, असे कबूल केले. कबुली प्रामाणिक असेल. आर्तिबोनीतचा शेतकरी तोवर राजधानीच्या झोपडपट्टीत आला होता, आणि भूकंपात चिरडला गेला तो तेथे.

७ एप्रिल २००३ रोजी, तुसाँच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झालेल्या आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे मोबदला परत मागितला. त्यांनी २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि वर ४८ सेंट असा नेमका आकडा सांगितला. त्या ४८ सेंटांची पुष्कळ थट्टा झाली. फ्रान्सने नेमलेल्या समितीने मागणी कायद्याने टिकत नाही असा अभिप्राय दिला. २९ फेब्रुवारी २००४ रोजी, देशात सशस्त्र बंड चालू असता, आरिस्तीद यांना अमेरिकन विमानातून देशाबाहेर नेण्यात आले. आपल्याला पळविले असे ते म्हणाले, अमेरिकेने ते नाकारले. आरिस्तीद यांच्या कारभारावर हैतीतच गंभीर आक्षेप होते, त्यामुळे त्यांच्या जाण्याचे एकच कारण सांगणे धाडसाचे ठरेल. त्यांच्या मागून आलेल्या हंगामी सरकारने मात्र मागणी लगेच सोडून दिली.

२०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने जुन्या दप्तरांतून हप्त्या-हप्त्याचा हिशेब जुळविला. मोबदला व त्यापायी घेतलेले कर्ज मिळून हैतीने सुमारे ११ कोटी २० लाख फ्रँक भरले. आजच्या हिशेबाने ते सुमारे ५६ कोटी डॉलर होतात. हा पैसा देशात राहून कामी लागला असता, तर दोन शतकांत त्याची किमान २१ अब्ज डॉलर इतकी भर पडली असती असा अंदाज तेथे दिला आहे. थट्टेचा विषय झालेल्या आकड्याच्या तो अगदी जवळ येतो.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांनी मे २०१५ मध्ये ग्वादलूप येथे बोलताना हैतीचे ऋण आपण फेडू असे उद्गार काढले. टाळ्या झाल्या. काही तासांतच त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला की, हे ऋण नैतिक आहे, पैशाचे नव्हे. १७ एप्रिल २०२५ रोजी, हुकूमनाम्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांनी एका तरुण राष्ट्राच्या स्वातंत्र्याला किंमत लावली गेली हे मान्य केले, व फ्रेंच आणि हैतीयन इतिहासकारांचा एक संयुक्त आयोग नेमण्याची घोषणा केली. पैसे परत करण्याचा उल्लेख त्या निवेदनात नाही.